आट्यांचा कोअर प्लग गळतोय: ब्लॉकचे आटे वाचवून तो कसा बदलायचा

प्रश्न थोडक्यात असा: १९३० च्या दशकातलं चार सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, बिडाचा ब्लॉक. बाजूला तीन पितळी कोअर प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीची भोकं बंद करणारी बुचं) आहेत. ठोकून बसवलेले पत्र्याचे नव्हेत, तर आटे असलेले आणि तोंडावर खाच असलेले. मधल्या प्लगभोवती हिरवट-पांढरं कीट जमतं. इंजिन थंड असताना थेंब पडतात, तापल्यावर थांबतात. नुसता आवळला तर चालेल का, की बदलावा लागेल?

आवळू नका, बदला. आणि बदलताना एक गोष्ट पक्की धरून चाला: प्लग लेथवर अर्ध्या दिवसात नवा बनतो, पण ब्लॉकमधले आटे पुन्हा मिळत नाहीत. पुढे जिथे जिथे दोन मार्ग दिसतील तिथे ब्लॉकचे आटे वाचवणारा मार्ग घ्या, मग त्यात प्लगचा चुरा झाला तरी हरकत नाही.

तुम्ही सांगितलेलं लक्षण बिडातल्या पितळेचं अगदी ठराविक लक्षण आहे. पितळ तापल्यावर बिडापेक्षा जास्त फुगतं. एक इंची बी.एस.पी. (नळ्यांच्या आट्यांचं ब्रिटिश माप) प्लगचा बाहेरचा व्यास ३३.२५ मि.मी. असतो. तापमान ७० अंशांनी वाढलं की पितळ सुमारे ०.०४४ मि.मी. वाढतं, बिडातलं भोक मात्र ०.०२५ च्या आसपास. म्हणजे गरम इंजिनात प्लग जवळपास ०.०२ मि.मी. घट्ट होतो आणि झिरपणं बंद होतं. थंड झाला की पुन्हा सैल. हे चक्र वर्षानुवर्षं चाललं की जुना, वाळून कडक झालेला लेप आट्यांतून सुटतो. अशा प्लगला पाना लावून पाव फेरा पुढे नेलं, तर उरलासुरला लेपही तुटतो, गंजलेल्या आट्यांचा चुरा होतो आणि थेंबाची धार होते.

दुसरं कारण प्लगच्या आत असतं. साध्या पितळेतलं जस्त पाण्यात हळूहळू विरघळून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. प्लगच्या तोंडावर कानशीचा एक हलका हात मारून बघा. खाली पिवळा रंग चमकला तर धातू शाबूत आहे. गुलाबी-तांबूस, भुसभुशीत दिसलं तर त्या प्लगमध्ये जीव उरलेला नाही आणि पान्याच्या जोराने त्याची खाच तुटणार, हे गृहीत धरा. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा नेहमी वाईट असते.

काम सुरू करण्याआधी पाणी खरंच तिथूनच येतंय का, हे पाहा. हेड गॅस्केट किंवा वॉटर जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत) उघडणारा मॅनिफोल्डचा स्टड गळत असला, तर पाणी ब्लॉकवरून ओघळून प्लगच्या कडेला थबकतं आणि बिचाऱ्या प्लगवर आळ येतो. सगळा भाग धुऊन कोरडा करा, खडूची पूड लावा आणि इंजिन रात्रभर तसंच ठेवा. सकाळी ओली रेघ नेमकी कुठून सुरू होते, ते आरसा धरून बघा. रेघ प्लगच्या कडेपासून बाहेर ब्लॉकवर गेलेली दिसली, तर ती नुसती ओल आहे की चीर आहे, हे डाय पेनेट्रंटने (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) तपासा. चीर निघाली तर नवा प्लग काही कामाचा नाही. तिथे मेटल स्टिचिंगच (चीर धातूच्या पिना बसवून सांधणं) लागतं. रेडिएटरमध्ये ओतायची गळतीबंद पावडर टाळा. ती प्लगपेक्षा रेडिएटरच्या नळ्या आधी बुजवते, आणि थर्मोसायफनवर (पंपाशिवाय, गरम पाणी आपोआप वर चढण्यावर) चालणाऱ्या गाडीला ते परवडत नाही.

ही भोकं मुळात ओतकामासाठी असतात. पाण्याची पोकळी तयार करायला साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. त्याला आधार द्यायला आणि नंतर वाळू बाहेर काढायला ही भोकं लागतात. पाणी गोठल्यावर ब्लॉक वाचावा म्हणून ती ठेवलेली असतात, हा समज चुकीचा आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि आट्यांत बसलेला प्लग तर मुळीच निसटत नाही. आधी ब्लॉक तडकतो.

काढण्याची तयारी

इंजिन पूर्ण थंड करा, बॅटरी सोडा, रेडिएटरचं झाकण काढा. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडूनही पाणी आलं नाही, तर आत पाणी नाही असं समजू नका. बहुतेक वेळा मागे गाळ बसलेला असतो. कॉक काढून तारेने टोचा. कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि जनावरं ते पितात.

मॅनिफोल्ड आड येत असेल तर तो काढाच. अडचणीत हात घालून, पाना तिरका धरून हे काम करायला गेलात की खाच हमखास फुटते. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळीही काढून बाजूला ठेवा, कारण पुढे आच लावायची आहे.

प्लगच्या कडेभोवतीचा रंग आणि कीट टोकदार सुईने खरवडा. कडेला पंचने ठोकलेल्या खुणा आहेत का, ते बघा. प्लग फिरू नये म्हणून काही ठिकाणी ब्लॉकचा काठ आत दाबलेला असतो. तो छोट्या छिन्नीने किंवा ग्राइंडिंग पॉइंटने आधी मोकळा करा. खरवडताना लालसर किंवा पांढरी पुटी निघाली तर ती शिशाची असू शकते. हातमोजे घाला, कोरडी घासू नका, फुंकर मारू नका.

आता खाचेचं अवजार. साध्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. जोर दिला की ते खाचेतून वर सरकतं आणि कडा खाऊन टाकतं. जुन्या कमानपाट्याचा तुकडा घ्या. तो खाचेच्या रुंदीइतका जाड आणि खाचेच्या पूर्ण लांबीइतका रुंद घासा, दोन्ही बाजू समांतर ठेवून. खाचेत बसवल्यावर तो हलता कामा नये. तो जुन्या सॉकेटला वेल्ड केला की लांब दांडा लावता येतो. याहून महत्त्वाचं म्हणजे अवजार आत दाबून धरणं. शेजारच्या दोन मॅनिफोल्ड स्टडवर ८ ते १० मि.मी. जाडीची पट्टी आडवी बसवा, तिच्या मधल्या भोकातून अवजाराचा गोल दांडा जाऊ द्या आणि दांड्यावर खांदा ठेवा. पट्टीचे नट जसे आवळाल तसं अवजार खाचेत दाबलं जातं. मग दोन्ही हात फक्त फिरवायला मोकळे राहतात. ही पट्टी बनवायला तास-दीड तास जातो आणि तो पूर्ण वसूल होतो. प्लगला षटकोनी डोकं असेल तर सहा कोनांचाच सॉकेट वापरा आणि त्याचं तोंड सपाट घासून घ्या. आतली उतरती कड डोक्याची निम्मी पकड खाते.

काढणं

दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पेनेट्रेटिंग तेल लावा. असेटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समप्रमाणात मिसळूनही चालतं; ते एकजीव राहत नाही, म्हणून दर वेळी हलवून लावा. तेल लावल्यावर पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) प्लगच्या मधोमध ठेवून अर्ध्या किलोच्या हातोडीने दहा-बारा नेमके ठोके द्या. प्लग आत घालवायचा नाही, आट्यांमधला गंज तडकवायचा आहे. आवाजही ऐका. शाबूत प्लग टणक बोलतो, पोखरलेला बद्द बोलतो. बद्द आवाज आला की ठोकणं तिथेच थांबवा.

एवढ्याने प्लग हलला नाही तर उष्णता, आणि इथे बरेच जण उलटं करतात. ब्लॉक अॅल्युमिनियमचा असेल तर प्लगभोवतीचा ब्लॉक तापवायचा आणि गरम असतानाच प्लग फिरवायचा, कारण अॅल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त फुगतं. बिडात पितळेचा प्लग असेल तर गरम असताना तो आणखी आवळलेला असतो. तिथे छोट्या गॅस टॉर्चने प्लगच्या मधोमध झटपट आच द्या आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम पितळ बाहेर पसरू पाहतं, बीड त्याला जागा देत नाही, मग ते स्वतःतच किंचित दबतं आणि थंड झाल्यावर आधीपेक्षा बारीक होतं. असं तीन-चार वेळा करा. शेवटच्या वेळी प्लग नुसता कढत असताना कडेला मेणबत्ती टेकवा; पातळ झालेलं मेण आट्यांत ओढलं जातं. मग थंडपणी फिरवा. पेनेट्रेटिंग तेल आणि असेटोन पूर्ण पुसून, उडून गेल्याशिवाय आच लावायची नाही, आणि ऑक्सिअॅसिटिलीन या कामाला आणूच नका. जुनं बीड एका जागी लालभडक केलं की थंड होताना तडकतं.

फिरवताना आधी अगदी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्या. बारीकसा 'टक' आवाज आला की उलट दिशेने जा. अर्धा फेरा निघाला की तेल सोडा, पाव फेरा परत आत न्या, पुन्हा बाहेर काढा. जोर अचानक वाढला तर आट्यांत चुरा अडकला आहे. तिथे ताकद लावणं म्हणजे ब्लॉकचे आटे सोलून काढणं.

खाच तुटली किंवा प्लग हललाच नाही, तर हट्ट सोडा आणि भोक पाडा. बरोबर मध्य काढून ३ मि.मी. ड्रिलने सुरुवात करा, पण ड्रिलवर स्टॉप कॉलर (ड्रिल ठरलेल्या खोलीपुढे जाऊ न देणारी) लावूनच. प्लगच्या मागे काही मिलिमीटरवर सिलिंडरची भिंत असते, आणि ड्रिल पितळेतून सुटताना आत झेपावतं. ३ मि.मी.चं भोक आरपार गेलं की प्लगची जाडी कळते. मग कॉलर त्या जाडीच्या दीड-दोन मि.मी. पुढे बसवा. पुढच्या मापांना डाव्या आट्यांचं ड्रिल मिळालं तर उत्तम. अनेकदा ड्रिल पकडतं आणि प्लग आपोआप फिरून बाहेर येतो. मोठ्या ड्रिलच्या धारेला पितळेसाठी थोडं बोथट करून घ्या, नाहीतर ते स्वतःला आत ओढून घेतं.

एक इंची प्लगला ६, १२ असं वाढवत २५ मि.मी.पर्यंत जा. आता आट्यांचं कडं उरेल. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा हातात धरून कड्याला आतून दोन खाचा पाडा, एकमेकींपासून साधारण बोटभर अंतरावर. बाहेर आट्यांचे शेंडे पितळेत चमकायला लागले की थांबा. शेवटचा पाव मिलिमीटर कापायचा नाही, तो छिन्नीने तुटतो. दोन खाचांमधला तुकडा बारीक छिन्नीने आतल्या बाजूला वाकवला की कड्याचा ताण जातो आणि उरलेलं कडं पक्कडीने गोल फिरवत निघतं. ब्लेड बिडाला लागलं तर आवाज आणि रंग दोन्ही लगेच बदलतात: पिवळ्या किसात काळी पूड दिसते.

पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून कीस आत पडू द्यायचा नाही. ड्रिलला ग्रीस फासा, दर थोड्या वेळाने ड्रिल काढून पुसा आणि शेजारी व्हॅक्यूमची नळी धरा.

भोक उघडं आहे तोवर

बोट आत घाला. बहुतेक ब्लॉकमध्ये तपकिरी गाळ हाताला लागतो, त्यात ओतकामाची वाळू, कधी गाभ्याची तारही सापडते. सगळ्यात जास्त गाळ मागच्या सिलिंडरभोवती असतो, कारण पाणी तिथे सगळ्यात संथ वाहतं. वाकवलेल्या तारेने खरवडा, पाण्याची नळी एका भोकातून घालून दुसऱ्यातून बाहेर काढा, मध्ये मध्ये हवेचा झोत द्या. रेडिएटरची वरची-खालची नळी आधी सोडून ठेवा, नाहीतर हा सगळा गाळ तिकडे जाईल. गाडी तापते अशी तक्रार असेल तर तिचं कारण बऱ्याचदा इथेच मिळतं.

म्हणूनच तीनपैकी एक गळत असला, तरी उरलेले दोन कानशीने तपासून गुलाबी निघाले तर आत्ताच बदला. टणक आणि कोरडे असतील, आणि इंजिन गाडीतच असेल, तर मी त्यांना हात लावणार नाही. इंजिन बाहेर काढलेलं असेल तर तिन्ही.

आटे ओळखणं आणि साफ करणं

ब्लॉकच्या आट्यांत नवा कापणारा टॅप (आटे पाडायचं अवजार) घालू नका. तो गंजाबरोबर चांगलं बीडही काढतो आणि भोक सैल करतो. बाहेर आलेला जुना प्लग शाबूत असेल तर त्याच्या आट्यांवर हॅकसॉने चार उभ्या खाचा पाडा. हे उत्तम साफ करणारं अवजार होतं. तेल लावून हाताने आत-बाहेर फिरवा, मग पितळी ब्रश, मग असेटोन.

माप घेताना घाई नको. ब्रिटिश गाड्यांत बहुधा बी.एस.पी. असतं, ५५ अंशांचे आटे. अर्धा आणि पाऊण इंचीला इंचाला १४ आटे, एक इंच आणि पुढे ११. नावातला इंच नळीच्या आतल्या मापाचा आहे, म्हणून पाऊण इंचीचा बाहेरचा व्यास २६.४४ मि.मी. भरतो. अमेरिकन एन.पी.टी. ६० अंशांचं असतं. एक इंचीला इंचाला साडेअकरा आटे. हा अर्ध्या आट्याचा फरक क्षुल्लक वाटतो, पण चार फेऱ्यांत तो ०.४ मि.मी. होतो, आणि प्लग आटे कुरतडत आत जातो. पाऊण इंचीचा घोळ जास्त फसवा आहे. दोन्ही पद्धतींत १४ आटे असल्यामुळे चुकीचा प्लग गोडीने बसतो, आणि ५५ व ६० अंशांच्या फटीतून पाणी आट्याआट्याने गोल फिरत बाहेर येतं. 'नवा प्लग लावला तरी गळतोच' याचं हे एक नेहमीचं कारण. थ्रेड गेज लावूनच खात्री करा.

आटे सरळ आहेत की निमुळते, तेही मोजा. निमुळत्याचा उतार १:१६ असतो, म्हणजे १० मि.मी. लांबीत व्यास ०.६ मि.मी.हून थोडा जास्त बदलतो. व्हर्निअरवर हे स्पष्ट दिसतं. सरळ आट्यांच्या भोकात निमुळता प्लग घालून 'गच्च बसला' म्हणून खूश होऊ नका. तो दोन-तीन आट्यांवरच टेकलेला असतो आणि पाचरीसारखा भोकाच्या काठाला फाडायला बघतो.

आटे मेलेच असतील तर दोन मार्ग आहेत. थोडी झीज असेल तर लेथवर त्याच आट्यांचा, पण ०.२ ते ०.३ मि.मी. मोठा प्लग कातून घ्या. बाहेरून फरक दिसत नाही आणि ब्लॉकमधून काहीच काढावं लागत नाही. आटे पुरते गेले असतील तर पुढचं माप: पाऊण इंचीवरून सात-अष्टमांश इंची बी.एस.पी., २८.२५ मि.मी. भोक पाडून. जुने आटे २६.४४ पर्यंतच असल्यामुळे सगळे निघून जातात. पण भोकाभोवती निदान ५-६ मि.मी. बीड शिल्लक राहतंय का, हे आधी मोजा.

नवा प्लग

बिडाच्या ब्लॉकला गनमेटल किंवा जस्त न सोडणारं डी.झेड.आर. पितळ. साधं पितळही चालतं, फक्त त्याचं आयुष्य कमी. अॅल्युमिनियमचा प्लग बिडात घालू नका. छोटा अॅल्युमिनियमचा तुकडा आणि भोवती प्रचंड बीड अशी जोडी पाण्यात बसली की गंजण्याचा सगळा भार त्या तुकड्यावर येतो आणि त्याची पांढरी पूड होते. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये मात्र प्लगही अॅल्युमिनियमचाच हवा. पितळ घातलं तर झिजणारा भाग ब्लॉक असेल. स्टीलचा प्लग बिडात बसतो छान, पण गंजून एकजीव होतो, आणि पुढच्या माणसाला वर लिहिलेलं सगळं पुन्हा करावं लागतं.

शक्य असेल तर खाचेऐवजी आत षटकोनी किंवा चौकोनी खळगा करून घ्या. मूळ रूप राखायचं असेल तर खाच ठेवा, पण ती खोल आणि समांतर कडांची असू द्या. प्लगची लांबी जुन्याइतकीच ठेवा. लांब प्लग आत पाण्याच्या वाटेत येतो.

बसवणं

प्लगला खांदा असेल आणि ब्लॉकवर सपाट बैठक असेल, तर पाणी अडवायचं काम तांब्याच्या वॉशरचं. वॉशर मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करा आणि पाण्यात बुडवा. तांब्याला झटकन थंड केल्याने कडकपणा येत नाही, उलट वरची काजळी सुटते. बैठकीला मार्किंग ब्लू (ठसा दाखवणारा निळा रंग) लावून प्लग टेकवा आणि ठसा पूर्ण गोल उमटतो का ते बघा. ठसा तुटक असेल तर वॉशर ती उणीव भरून काढणार नाही.

खांदा नसेल तर आट्यांतच लेप लागतो. पी.टी.एफ.ई. (टेफ्लॉन) टेप नको. तिने आटे इतके निसरडे होतात की निमुळता प्लग हाताला न कळता जास्त आत जातो आणि बीड तडकतं. शिवाय तिचे तुकडे रेडिएटरपर्यंत पोहोचतात. सिलिकॉनचाही आतल्या बाजूचा फुगवटा तुटून फिरत राहतो. लॉकटाइट ५७७ सारखा अॅनारोबिक (हवा न मिळाल्यावर जमणारा) थ्रेड सीलंट किंवा हायलोमारसारखा न वाळणारा लेप, यांपैकी एक निवडा. दोन्ही एकत्र नकोत. झिजलेल्या आट्यांना मी अॅनारोबिक घेतो, शाबूत आट्यांना न वाळणारा. पहिला आटा कोरडा सोडून पुढच्या तीन-चार आट्यांवर सगळीकडे लावा, म्हणजे लेप आत ढकलला जात नाही. आटे असेटोनने पुसलेले आणि खरोखर कोरडे हवेत. जॅकेटमधून एखादा थेंब ओघळत असेल तर तो थांबेपर्यंत थांबा.

सुरुवातीचे दोन-तीन फेरे बोटांनीच. पाना लागत असेल तर प्लग तिरका गेलाय, काढा. खांद्याचा प्लग टेकल्यावर वॉशर दबेल इतका, साधारण पाव फेरा. निमुळता प्लग बोटांनी घट्ट झाल्यावर एक ते दीड फेरा, पण जोर वाढत असेल तर आधीच थांबा. नळजोडणीतली दोन-तीन फेऱ्यांची सवय इथे आणू नका.

अॅनारोबिक लावलं असेल तर २४ तास पाणी भरू नका, आणि नंतर तो प्लग 'जरा अजून' म्हणून आवळू नका. जमलेला लेप एकदा हलला की तुटतो आणि पुन्हा धरत नाही. तांब्याचा वॉशर आणि न वाळणारा लेप असेल, तर पहिल्यांदा इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर एकदा हलका हात द्यायला हरकत नाही.

तपासणीला प्रेशर पंप लागतोच असं नाही. या काळातल्या पुष्कळ गाड्यांची कूलिंग दाबाशिवायच चालते, आणि आधुनिक १५ पी.एस.आय.चा (पौंड प्रति चौरस इंच) पंप लावला तर रेडिएटरचे सांधे उघडतील. रेडिएटरच्या तोंडाला बूच मारून त्यातून पारदर्शक नळी वर न्या आणि ती एक मीटर उंचीपर्यंत पाण्याने भरा. रेडिएटरच्या तोंडाशी १.४ पी.एस.आय. दाब मिळतो, खाली प्लगपाशी त्याहून थोडा जास्त. ओव्हरफ्लोची नळी बंद करायला विसरू नका. पाण्याची पातळी नळीवर खूण करून तासभर बघा, आणि प्लगभोवती पुन्हा खडू लावा.

पहिली फेरी साध्या पाण्याने करा, तीही दोन-तीनदा गरम-थंड करून, कारण तुमचा प्लग थंडपणीच गळत होता. मग ते पाणी काढून जुन्या पद्धतीचं, सिलिकेट असलेलं आय.ए.टी. कूलंट भरा आणि दर दोन वर्षांनी बदला. ग्लायकॉल साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीतून सहज वाट काढतं. साध्या पाण्यावर कोरडा राहिलेला प्लग कूलंट भरल्यावर ओला दिसला, तर पुन्हा आवळू नका. एक आठवडा खडू लावून रोज बघा. कड नुसती दमट होऊन सुकत असेल तर ती तशीच राहू द्या. थेंब धरत असेल तर प्लग काढून, आटे साफ करून, नव्या लेपाने परत बसवा.